काचेच्या पेटीतील पाणी

काचेच्या पेटीत संथपणे विहरणारे सोनमासे पाहून कोणाचे मन प्रसन्न होत नाही? परंतु पुष्कळदा असे घडते की, महिनोन्महिने न बदललेले पाणी एखादा मुलगा मोठ्या हौसेने निम्मे उपसून टाकतो, तळाची वाळू चोळून धुतो आणि नळाचे ताजे पाणी भरतो. दुसऱ्या दिवशी पाहावे, तो मासे मरून तरंगत असतात. जुन्या पाण्यात जगलेले मासे स्वच्छ पाण्यात का मरावेत?

माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया हे विष पाण्यात मिसळते. वाळूवर व काचेवर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असते. मातीतील अशा जंतूंचे हे कार्य विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली उलगडून दाखवले.

या क्रियेत आम्ल तयार होते. पाण्यात विरघळलेली कार्बोनेटे त्या आम्लाला आवर घालतात. पण ती हळूहळू संपतात आणि पाणी आम्लधर्मी होत जाते. ही आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो. तो ६ झाला, म्हणजे आम्लता दहापट वाढली. मासे या सावकाश बदलाला सरावतात. जंतूंचे काम मात्र मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. परंतु नळाचे पाणी एकदम ओतले, की सामू झपाट्याने चढतो आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी रूप धारण करतो. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो व उपकारक जंतूंचाही नाश करतो. एकाएकी थंड पाणी पडल्याचा आघात तो निराळाच.

म्हणून पाणी थोडे थोडे, पण नियमाने बदलावे. ४० लिटरांच्या पेटीतून आठवड्याला ८ ते १० लिटर पाणी काढणे पुरेसे असते. नवे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो आणि पाणी खोलीइतके उबदार होते. ते सावकाश ओतावे. वाळू धुवायची झाल्यास पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावी. आटलेल्या पाण्यात केवळ भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. कारण वाफ निघून जाते, पण क्षार मागेच उरतात. पेटीकडे फार दिवस दुर्लक्ष झाले असेल, तर प्रथम दहावा हिस्साच बदलावा आणि पुढील काही आठवड्यांत पाणी पूर्वपदावर आणावे.

नदीतील मासा नकोसे पाणी सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. पेटीतल्या माशाला तशी वाट नसते. त्याच्या पाण्याची काळजी वाहणे हे त्याला घरी आणणाऱ्याचेच कर्तव्य होय.