हँडीकॅमचं चित्रण टीव्हीवर

हिंगोलीचा दसरा, औंढा नागनाथची महाशिवरात्र, घरातली लग्नं. हँडीकॅमवर टिपलेलं असं किती तरी अजून मेमरी कार्डातच आहे. सोनी आणि पॅनासॉनिकने 2006 मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत हे चित्रण एमटीएस फाइलींत साठतं. सेकंदाला 24 मेगाबिट दर्जाचं तासाभराचं चित्रण जवळपास 11 जीबी जागा घेतं.

कार्डावरचं संपूर्ण फोल्डर उतरवून घ्या, सुट्या फाइली नकोत. लांब कार्यक्रमाचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो आणि ते कसे जोडायचे, याच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये असतात. एवढी एक काळजी घेतलीच पाहिजे.

संगणकावर मोफत व्हीएलसी प्लेअर पुरतो. हलत्या माणसांच्या कडांना आडव्या रेघा दिसल्या, तर त्यातलं डीइंटरलेस सुरू करा. टीव्हीसाठी खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्यातून थेट एचडीएमआय केबल. पेनड्राइव्ह लावायचा तर एमपी4 करून घेतलेलं बरं. फॅट32 पेनड्राइव्हवर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की दर्जा उतरतो. पुण्यातल्या लेकीला मूळ चित्र हवं असेल, तर गूगल ड्राइव्हची लिंक द्या.