दहा हजारांत दोन भागांचा वाद

साबण पाण्याचा पृष्ठताण पाडतो, मीठ तो चढवतं. लिटरभर द्रावणात ५८ ग्रॅम मीठ असेल तर २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा ७२.८ असलेला आकडा साधारण ७४.४ मिलिन्यूटन प्रति मीटर होतो. वाढ किरकोळ, पण पक्की. हायडवायलर यांनी १९१० साली ती मोजली आणि ओन्सागर व सामारस यांनी १९३४ साली गणितात बसवली. विरघळलेल्या मिठाच्या विद्युतभारित कणाला, म्हणजे आयनाला, चहूबाजूंनी पाणी लागतं. वर हवा आली की एक बाजू उघडी पडते, म्हणून तो पृष्ठभागापासून आत राहतो आणि ताण चढतो. प्रश्न मिटला, असंच सगळ्यांना वाटलं.

मग १९३७ साली हार्वर्डच्या ग्रिनेल जोन्स आणि वेंडेल रे यांनी मोडता घातला. केशनळीत पाणी किती चढतं यावरून ते पृष्ठताण काढत होते. क्षार अगदीच थोडा, लिटरमागे ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असताना, पृष्ठताण आधी घटला आणि मगच वाढू लागला. घट किती? दहा हजारांत दोन भाग.

नोबेलविजेते लँगम्यूर यांनी पुढच्याच वर्षी ती नळीच्या माथी मारली. शुद्ध पाण्याचा पातळ थर काचेला चिकटून नळी अरुंद करतो, त्यामुळे पाणी जरा जास्त चढतं. क्षार पडला की थर विरतो आणि घट झाल्याचा भास होतो. युक्तिवाद देखणा होता. पण १९४० साली डोल आणि स्वार्टाउट यांनी नळीऐवजी कड्या वापरल्या, तरी घट दिसलीच.

पुढची कित्येक वर्षं विषय अडगळीत गेला. २००१ मध्ये युंगविर्थ आणि टोबायस यांच्या संगणकी प्रतिकृतींत आयोडाइडसारखे मोठे आयन चक्क पृष्ठभागावर आले. २००५ मध्ये पीटरसन आणि सेकॅली यांनी लेझरच्या प्रयोगांतून तोच धागा या घटीशी, म्हणजे जोन्स-रे परिणामाशी, जोडला. आता मामला आयनांचाच, असं वाटू लागलं.

२०१८ साली उएमात्सु, बॉन्टहुइस आणि नेट्झ यांनी वेगळाच संशयित पुढे केला: पाण्यातली विद्युतभारित, साबणासारखी अशुद्धी. तिचे रेणू एकमेकांना दूर लोटतात. थोडा क्षार ते लोटणं झाकतो, रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि ताण घटतो. क्षार वाढला की नेहमीची चढण सुरू होते. अशुद्धी लिटरमागे एका मोलच्या अब्जांशाइतकी असली तरी पुरते. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटतं. लँगम्यूर यांनी नळीला दोष दिला तो चुकला, पण घट क्षाराची नाही हा त्यांचा संशय खरा होता.