ऑक्सिजन होता, श्वास नव्हता

२७ ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात १२ वर्षांची विवी एबर्ट शेवटचे श्वास मोजत होती. पोलिओने हातपाय लुळे केले होते, आता श्वासाच्या स्नायूंची पाळी आली होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिच्यासारख्या ३१ जणांना यंत्रांवर ठेवलं होतं. त्यांतले २७ दगावले. यंत्रं तरी किती? एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बांधायची सहा कवचं.

चकवत होती ती रक्ततपासणी. दगावणाऱ्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे, म्हणून रक्त अल्कलीकडे झुकलंय असं मोठमोठे डॉक्टर धरून चालले होते. ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ. संसर्गरोगांच्या वॉर्डात त्यांना एरवी कुणी विचारलंही नसतं. पण बेशुद्ध रुग्णाचा श्वास स्वतःच्या हाताने चालवणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. त्यांनी शवविच्छेदनं पाहिली. फुप्फुसं त्या मानाने ठीक होती. मग दोष कुठे? भाताच हलत नव्हता. रुग्णाला ऑक्सिजन मिळत होता, ओठ गुलाबी दिसत होते. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नव्हता आणि तोच आत साठून जीव घेत होता.

हे दाखवून द्यायला विवीच्या घशाला छेद देऊन नळी घातली, आणि भलतंच झालं. ती घुसमटून धडपडू लागली, हवा आत जाईना. जमलेले डॉक्टर एकेक करून पांगले म्हणतात. इब्सेन यांनी थायोपेंटल हे भुलीचं औषध टोचलं. मुलगी सैल पडली, रबरी फुगा दाबताच छाती वर आली. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांसाठी असे फुगे दाबले. ८७ टक्क्यांवरचा मृत्युदर हळूहळू चौथाईच्या आसपास उतरला. विवी १९७१पर्यंत जगली.

पोलिओ एका झटक्यात जे करतो तेच मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे एमएनडी, संथपणे करतो. श्वासाच्या त्रासाची सुरुवात बहुधा रात्री होते. स्वप्नांच्या झोपेत बाकीचे स्नायू सैल पडतात आणि सगळा भार छाती-पोटामधल्या पडद्यावर येतो. तोच दुबळा असेल तर सकाळी डोकं जड होतं, दिवसा पेंग येते, आडवं झालं की धाप लागते, उश्या वाढत जातात. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय.

इथे करोनाने शिकवलेला धडा उलटा पडू शकतो. ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत आला. नाशिकचं अंबड असो की अमरावती, आकडा घसरला की हात आधी सिलिंडरकडे जातो. एमएनडीत नुसत्या ऑक्सिजनने बोटावरचा आकडा सुधारतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत राहतो. १९५२चाच फसवा गुलाबी रंग. या रुग्णाला हवी असते हवा ढकलणारी ताकद.

ती ताकद देणारं यंत्र अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फिटरला परकं वाटणार नाही. त्याचं नाव बायपॅप. उघडला तर आत मोटर, ब्लोअर आणि दाब मोजणारा सेन्सर. १९२८मध्ये फिलिप ड्रिंकर यांच्या लोखंडी फुप्फुसाला आणि १९८१मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांच्या नाकावरच्या मास्कला, दोन्हींना व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्लोअरनेच हवा पुरवली होती! बायपॅप श्वास घेताना दाब वाढवतो, सोडताना उतरवतो. कफ काढण्याचं काम त्याचं नाही. त्यासाठी फुंकून लगेच ओढून घेणारं वेगळं यंत्र लागतं. आणि लाइट गेली तर रात्र निभेल एवढी बॅटरी.

पण एमएनडीत बायपॅपच्या मास्कने आयुष्य वाढतं का? न्यूकॅसलच्या स्टीफन बर्क आणि सहकाऱ्यांनी ४१ रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. ती २००६मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे घशाचे स्नायू बरे होते, त्यांतल्या मास्क न मिळालेल्यांपैकी निम्मे ११ दिवसांत गेले. मास्क लावणाऱ्यांचा तोच आकडा २१६ दिवस. एमएनडीवरच्या रिलुझोल या औषधाने मिळतात ते दोन-तीन महिने. घसा फारच दुबळा असलेल्यांचं आयुष्य मात्र वाढलं नाही. त्यांची झोपेची तक्रार तेवढी कमी झाली.

मग साहजिकच वाटलं, पडद्यालाच वीज देऊन हलवलं तर? ब्रिटनमध्ये ७४ रुग्णांवर ते करून पाहिलं. निम्म्यांना नुसता मास्क, निम्म्यांना मास्क आणि पडद्यात रोवलेल्या तारा. निकाल २०१५मध्ये छापून आला. नुसत्या मास्कवाल्यांपैकी निम्मे जायला २२.५ महिने लागले, तारावाल्यांपैकी निम्मे ११ महिन्यांतच गेले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेत या उपकरणाला २०११मध्येच परवानगी मिळून गेली होती.