नंदादेवीचे दार

गढवाल हिमालयातील नंदादेवी या ७,८१६ मीटर उंचीच्या शिखराभोवती निसर्गाने जो तट उभारला आहे, तसा अन्यत्र क्वचितच आढळेल. सुमारे शंभर किलोमीटर परिघाच्या हिमशिखरांनी वेढलेल्या या खोऱ्याला खालून दार असे एकच : ऋषिगंगेने खडकात कोरलेली अरुंद घळ. एरिक शिप्टन व बिल टिलमन या गिर्यारोहकांना १९३४ साली तिच्यातून आत जाण्याची वाट सापडली. आत विस्तीर्ण कुरणे होती आणि त्यांवर भरल, म्हणजे मेंढीसारखे दिसणारे रानटी प्राणी, चरत होते.

१९६२ च्या युद्धानंतर हा सीमाप्रदेश परकीयांस बंद झाला. १९७४ साली तो गिर्यारोहणासाठी खुला होताच मोहिमांची रीघ लागली. शिखरावर चढणारे मोजके असत. परंतु त्यांचे सामान वाहणाऱ्या हमालांचा तांडा मोठा, आणि त्या सर्वांची चूल दररोज पेटावयाची. येथे पदार्थविज्ञानातील एक साधा नियम आड येतो. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब उतरतो व पाणी कमी तापमानास उकळू लागते. ४,००० मीटर उंचीवर ते सुमारे ८७ अंश सेल्सिअसलाच उकळते. तेवढ्या उष्णतेत डाळ लवकर शिजत नाही. म्हणून सरपण अधिक लागते. ते आणावयाचे कोठून? भूर्जवृक्ष आणि जमिनीलगत वाढणारी ज्युनिपरची झुडपे हेच तेथील मुख्य इंधन. वर्षातील जेमतेम चार महिने वाढ होणाऱ्या या झुडपाची बोटभर जाडीची फांदी तयार होण्यास कित्येक वर्षे जातात. ती एका रात्रीत राख होई. मागे राहणाऱ्या डब्यांची व दोरखंडांची कथाही तशीच. थंडीमुळे तेथे काहीही लवकर कुजत नाही.

अभयारण्यांच्या व्यवस्थेत ‘वहनक्षमता’ हा शब्द नेहमी येतो. अमुक प्रदेश अमुक इतकी माणसे सोसू शकेल, असा त्याचा स्थूल अर्थ. परंतु नुसती डोकी मोजून हे गणित सुटत नाही. स्वतःचे रॉकेल घेऊन येणारे वीस जण जेवढी हानी करतील, त्याहून अधिक हानी ज्युनिपर जाळणारे पाचच जण करू शकतात.

सरकारने मात्र सरळ मार्ग पत्करला. १९८२ साली हे खोरे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले व पुढील वर्षापासून त्याचे दार सर्वांस बंद करण्यात आले. १९९३ मध्ये भूसेनेच्या अभियंता दलाची मोहीम शास्त्रज्ञांसह आत गेली. तिने साचलेला कचराही खाली आणला. त्या व त्यानंतरच्या पाहण्यांत वनस्पती हळूहळू सावरत असल्याचे दिसून आले. निसर्गाच्या दृष्टीने पाहता उपाय लागू पडला, हे मान्य करावयास हवे.

त्याची किंमत कोणी भरली, हा प्रश्न उरतो. घळीच्या तोंडाशी लाता व रैणी ही भोटिया लोकांची गावे आहेत. तिबेटशी मीठ व लोकरीचा व्यापार हा या लोकांचा परंपरागत व्यवसाय. १९६२ नंतर तो बुडाला. राहिली मेंढरे, आणि मोहिमांची हमाली. १९८३ च्या बंदीने आतील कुरणेही गेली व हमालीही गेली. याच रैणीत २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी व तिच्या सोबतिणींनी वृक्षतोड करावयास आलेल्यांना माघारी धाडले होते. ज्यांनी जंगल राखले त्यांनाच जंगलाबाहेर ठेवावे, यातील विसंगती गावकऱ्यांना बोचल्यावाचून कशी राहील? १९९८ साली ‘झपटो छीनो’ अशी घोषणा देत ते निषेधार्थ उद्यानात शिरले.

ऑक्टोबर २००१ मध्ये लाता येथे जमलेल्या ग्रामस्थांनी एक जाहीरनामा केला. पर्यटन त्यांना हवे होते, परंतु त्यावर गावाचा ताबा असावा व त्याचा लाभ गावातच राहावा, अशी त्यांची मागणी होती. २००३ पासून उद्यानाच्या सीमेलगतची एक वाट, लाताखरक व धरांसीवरून डेब्रुघेट्यापर्यंत, मर्यादित संख्येच्या पदयात्रींना खुली झाली. सोबत स्थानिक वाटाड्या. अशा यात्रेत वाटाड्याचे काम रस्ता दाखविण्यापुरते नसते. चूल कशावर पेटते व रिकामा डबा कोठे जातो, याकडे त्याच्याइतक्या आस्थेने लक्ष ठेवणारा पहारेकरी पगार देऊनही मिळणे कठीण, कारण ते कुरण त्याच्या आजोबांनी मेंढरे चारलेले असते.

घळीपलीकडील अंतर्भाग पर्यटकांस बंद आहे. धरांसीच्या हिरवळीवर आता परवाना घेतलेले प्रवासी पोचतात. लाताच्या मेंढरांना मात्र तेथे चरण्याची मनाई आहे.