शेणखतातील पाठीवर चालणारी अळी

उन्हाळ्यात खताचे खड्डे उपसले जात असता पांढरट, वाकड्या अंगाच्या अळ्या दृष्टीस पडतात. त्यांना हुमणी समजून पुष्कळ शेतकरी खतावर कीटकनाशक भुकटी टाकतात. परंतु खतातील प्रत्येक अळी हुमणी नसते. फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही तेथेच वाढतात. त्या कुजलेला पालापाचोळा व शेण खातात. पिकाची जिवंत मुळे हे त्यांचे नेहमीचे खाद्य नव्हे. अशा ठिकाणी भुकटीचा खर्च व्यर्थ जातो.

ओळख पटविण्याची रीत सोपी आहे. अळी सपाट, कोरड्या जमिनीवर किंवा पाटावर ठेवावी व क्षणभर थांबावे. फुलभुंगेऱ्याची अळी उताणी होऊन, पाय वर करून, पाठीवरील राठ केसांच्या आधाराने सरपटू लागते. हुमणी अशी पाठीवर चालत नाही. ती इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळून कुशीवर पडून राहते. याशिवाय फुलभुंगेऱ्याच्या अळीचे डोके शरीराच्या मानाने लहान व पाय आखूड असतात. हुमणीचे डोके मोठे व पाय लांब असतात.

या गटातील एक फारसा परिचित नसलेला भुंगेरा म्हणजे ‘ऑक्सिसिटोनिया व्हर्सिकलर’. याचा रंग विटकरी असून त्यावर काळे पट्टे व पांढरे ठिपके असतात. मात्र रंगात फरक पडतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. तो दिवसा फुलांवर बसतो आणि उडताना वरचे कठीण पंख मिटलेलेच ठेवतो. हुमणीचे भुंगेरे तपकिरी असतात. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस ते जमिनीतून निघून कडुनिंब व बाभळीवर जमतात, आणि उडताना वरचे पंख उघडतात.

फुलभुंगेरा सर्वस्वी निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. तो परागकण व पाकळ्या खातो. भाजीपाल्याच्या फुलांवर तो संख्येने अधिक दिसल्यास हातांनी वेचून नष्ट करावा.

कोकणातील बागायतदारांनी आणखी एक दक्षता घ्यावी. नारळावरील गेंड्या भुंग्याची अळीही खताच्या खड्ड्यात वाढते. ती बोटाएवढी जाड होते, परंतु पाठीवर चालत नाही. अशा अळ्या वेचून नष्ट कराव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग खड्ड्याच्या काठी शेतकऱ्यांसमोर करून दाखवावा. दहा-बारा अळ्या तपासल्याखेरीज औषधाचा सल्ला देऊ नये, कारण एकाच खड्ड्यात दोन्ही प्रकार सापडू शकतात.