शेमा, मलिदा आणि मराठी हगादा

पेसाहच्या पहिल्या रात्री ज्यू घरात जेवणाआधी सर्वांत धाकट्या मुलाने प्रश्न विचारायचे असतात. आजची रात्र वेगळी का, आज भाकर न फुगवता का भाजली, कडू पाला का खायचा? त्यावर थोरामोठ्यांनी मिसर देशातल्या गुलामगिरीची आणि सुटकेची कथा सांगायची. या विधीला ना देऊळ लागते, ना पुरोहित. वर्ग घरातच भरतो आणि शिकवणारे आई-बाप, आजी-आजोबा असतात. मुंबई, ठाणे, पुणे आणि अलिबाग इथली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाची, कुटुंबे पेसाह पाळतात. त्यांच्या घरांतली ही शाळा इतर देशांतल्या ज्यूंपेक्षा फार निराळ्या वाटेने चालत आली.

नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ ही या समाजाच्या कोकणात येण्याची आणि रुजण्याची हकिकत रायगडात घरोघर माहीत आहे. त्या मानाने एक गोष्ट कमी सांगितली जाते. या समाजाकडे कित्येक शतके तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती, प्रार्थनेची पोथी नव्हती आणि हिब्रू वाचणारे कोणी नव्हते. कोचीनचे ज्यू व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी 1768 मध्ये हॉलंडला लिहिलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे. त्यांना शेमा एवढी एकच प्रार्थना येते, असे त्यात नोंदवले आहे. देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ही प्रार्थना जन्म, सुंता, लग्न आणि मरण अशा प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. शेमाचे पहिले वाक्य तोरातल्या ज्या उताऱ्यातून येते, त्याच उताऱ्यात पुढे आज्ञा आहे की ही वचने मुलांना शिकवा. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. उतारा हाती नसलेल्या समाजाने ती आज्ञा मात्र तंतोतंत पाळली.

शिकवण्याचे काम प्रामुख्याने स्वयंपाकघरात झाले, आणि म्हणून ते प्रामुख्याने बायकांनी केले. खवले आणि पर असलेली मासळीच खायची, हा तोराचा नियम. कोळणीच्या पाटीतून पापलेट, रावस, सुरमई निवडायची आणि कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाजूला ठेवायच्या, हे मुलगी आईच्या शेजारी बसून शिके. समाजाच्या परंपरेत दावीद रहाबी नावाच्या पाहुण्याची गोष्ट आहे. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने घरच्या बायकांपुढे सर्व प्रकारची मासळी ठेवली. त्यांनी निषिद्ध मासळी वेगळी काढली, तेव्हा त्याची खात्री पटली. परंपरा हा प्रसंग कित्येक शतके मागे नेते, तर अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. काळ कोणताही धरला तरी गोष्टीत परीक्षा ग्रंथाची झालेली नाही आणि पुरुषांचीही झालेली नाही. या समाजाच्या धर्मशिक्षणाचा इतिहास लिहिताना हे आधी लिहायला हवे, आणि बहुतेक वेळा ते तळटीपेत जाते.

मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा दुसरा मोठा नियम. कोकणात त्याची सोय नारळाने केली. मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध, आणि त्या जेवणानंतरच्या गोडालाही नारळाचेच. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, चिकाचा हलवा करतात. गहू भिजवायचे, वाटायचे, त्यांचा चीक गाळून घ्यायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मिश्रण मंद आचेवर अखंड ढवळायचे. हात थांबला की गुठळी होते, म्हणून पातेल्यापाशी घरातल्या सगळ्यांची पाळी लागते. गाईचे दूध का नाही, हा प्रश्न मुले तिथेच विचारतात आणि उत्तरही तिथेच मिळते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाच्या, आशीर्वादाला द्राक्षारस हवा. कोकणात तो कुठून मिळणार? काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून गाळलेले सरबत त्या जागी आले आणि आजही अनेक घरांत तेच असते.

सणांची नावेही घरगुती मराठीत रुळली: नव्याचा सण, खिरीचा सण, दार लावून उपास करण्याचा दारफाळणीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या दुखवट्यासाठी बिरड्याचा रोजा. हनुका मात्र या यादीत नव्हता. त्यामागची घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली, म्हणून आपले पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असे समाजातले अभ्यासक मांडत आले. हा पुरावा निर्णायक नाही. पण घरांनी काय जपले आणि कशाचा त्यांना पत्ताच नव्हता, हे त्यातून दिसते.

मलिदा हा या शिक्षणाचा सर्वांत सुंदर धडा. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवे घर असो की लांबचा प्रवास, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ताट मांडले जाते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, बेदाणे, बदाम आणि भोवती फळे. प्रत्येक प्रकारच्या फळाला निराळा आशीर्वाद आहे: झाडावरच्याला वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्याला वेगळा. ताट हातोहात फिरते तसे मुलांना ते आशीर्वाद पाठ होतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात, एलियाहू जिथून स्वर्गात गेले असे मानतात त्या खडकापाशी, आजही नवस फेडायला माणसे येतात.

दावीद रहाबीने तीन घराण्यांतल्या तरुणांना शिकवले आणि त्यांच्या वंशजांकडे काजीपद आले, असे परंपरा सांगते. हे काजी गावोगाव फिरून सुंता आणि लग्ने लावत, तंटे मिटवत. पोथ्यांचे शिक्षण मात्र मुंबईत सुरू झाले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये तिथे समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले आणि पुढे कोचीनहून शिक्षक आले. त्याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही या समाजासाठी शाळा उघडल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठी जाणणाऱ्यांसाठी हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांना धर्मांतरे हवी होती आणि ती फारच थोडी झाली. समाजाच्या मुलांनी मात्र त्या वर्गांतून हिब्रू उचलले आणि ते आपल्याच धर्माच्या कामी लावले.

त्यातून जे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी प्रबोधनाचाच एक भाग आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. पेसाहच्या रात्री वाचायचा हगादा 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. 1874 मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून सचित्र हगादा निघाला. त्यातल्या चित्रांत पेसाहची बिनखमिराची भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकामागून एक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. 1880 नंतर कीर्तने आली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत बांधली. अक्षरओळख नसलेल्या आजीला आणि शाळेत जाणाऱ्या नातवाला एकाच रात्री, एकाच चालीवर तोराची कथा कळू लागली.

शाळेचे श्रेय हाइम सॅम्युएल केहिमकर यांना. समाजाची मुले मिशनच्या बाकांवर बसूनच धर्म शिकणार का, या काळजीतून त्यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएलाइट शाळा काढली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू असा तिचा त्रिभाषी पाया होता, आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला मदत केली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. 1922 पासून 1950 पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या रेबेका रूबेन. 1905 च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. ज्या समाजात धर्म बायकांनी चुलीपाशी सांभाळला, तिथे तो शाळेच्या वेळापत्रकात बसवण्याचे कामही जवळजवळ तीन दशके एका बाईच्या हाती राहिले, हे योग्यच झाले.

1948 नंतर इस्राएलकडे स्थलांतर सुरू झाले आणि घरातल्या या शिक्षणावरच शंका घेतली गेली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्राएल वधू-वरांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करा. घटस्फोटाचे आणि विवाहाचे धर्मशास्त्रीय नियम कोकणात पाळले गेले होते का, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्याकडे पोथीच नव्हती त्यांच्याकडे पोथीतल्या नियमांचा दाखला मागणे हा उघड अन्याय होता. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला. अपमानाची आठवण त्या पिढीच्या घरांत नंतरही राहिली.

इस्राएलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावांत वाढलेल्या मुलांना हिब्रू शाळेतच मिळाले. आजोबांना जे अक्षर-अक्षर जुळवून वाचावे लागे, ते नातवंडांना बोलता बोलता येते. उलट मराठी हीच आता शिकवावी लागणारी भाषा झाली आहे. तिथून निघणारे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक, महाराष्ट्र दिनाचे मेळावे आणि मलिद्याचे ताट यांवर तिचा भार आहे.

भारतात आता सर्व ज्यू मिळून जेमतेम चार-पाच हजार असतील आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाण्याच्या परिसरात राहतात. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याची वाट सोपी झाली. मात्र कदूरी शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम कुटुंबांतले आहेत, कारण वर्ग भरतील इतकी ज्यू मुलेच शहरात नाहीत. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणातल्या अनेक प्रार्थनास्थळांत सणाला मुंबईहून माणसे आली तरच ती संख्या भरते. प्रार्थना चालवणारा हजान मिळणे अवघड झाले आहे. धर्मशिक्षणासाठी इस्राएलला गेलेले तरुण बहुधा तिथेच स्थिरावतात. मुंबईतली समाजकेंद्रे मुलांसाठी हिब्रूचे वर्ग आणि सणांची शिबिरे घेतात. आजी-आजोबा शेजारच्या खोलीत नसतात, वेगळ्या शहरात किंवा देशात असतात, तेव्हा त्या शिबिरांनाच घराचे काम करावे लागते. तिथे परदेशातून आलेले छापील अभ्यासक्रम वापरले जातात. त्यांत चिकाचा हलवा, मनुकांचे सरबत आणि बिरड्याचा रोजा नाही. ते त्यांत घालायचे तर ज्यांना ते येते त्या बायकांना शिक्षिका म्हणून बोलवावे लागेल, आणि तेही आत्ताच.