प्रौढांना इंग्रजी वाचन आणि स्पेलिंग शिकवताना

बीड जिल्ह्यातील केज हे नाव मराठीत जसे लिहिले जाते तसेच वाचले जाते. इंग्रजी सरकारी कागदांवर मात्र ते के-ए-आय-जे असे दिसते. जवळपास त्याच उच्चाराचा, पिंजरा या अर्थाचा शब्द सी-ए-जी-ई असा लिहितात. प्रौढ शिकणारा नेमका इथेच अडखळतो. देवनागरीत ‘क’चे नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत ‘सी’चा आवाज कधी ‘क’, कधी ‘स’. २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार असतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे, त्यामुळे चौथीतच शाळा सुटलेल्यांची या लिपीशी ओळखच झाली नाही.

शिकवण्याची सुरुवात एबीसीडी घोकण्याऐवजी आवाजांपासून करावी. के-आय-टी म्हणजे ‘किट’. शेवटी ‘ई’ जोडला की ‘काइट’. हा मुका ‘ई’ आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो, हे वहीत एकाखाली एक लिहून दाखवले की चटकन उमगते. ‘फोन’ एफने लिहिणाऱ्याने आवाज अचूक ओळखलेला असतो. आधी ते सांगावे, मग पी-एच दाखवावे. ‘वन’सारखे नियमाबाहेरचे शब्द अख्खेच लक्षात ठेवावे लागतात.

वाचनासाठी बालगीते नकोत. औषधाची पट्टी, खताची गोणी, बँकेची पावती हेच खरे पाठ्यपुस्तक. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे वर्ग हंगाम संपल्यावर घ्यावेत आणि कारखान्याकडे निघताना शब्दांची छोटी वही सोबत द्यावी.